एका लाइनीत दोन औषधं

जगातली कुठलीही गोष्ट केरूनानांना आधी नळी म्हणूनच दिसायची, आणि चौतीस वर्षं ह्या माणसाशी संसार करून कुसाबाईचे कान किटले होते.

निफाडहून सायखेड्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या द्राक्षबागा लागतात, त्यांतल्या निम्म्या बागांचं ठिबक नानांच्या हाताखालून गेलेलं. घरची दीड एकर बाग कुसाबाईनं बघायची आणि नानांनी मोटारसायकलला नळ्यांची वेटोळी बांधून गावोगाव फिरायचं, अशी वाटणी. ठिबकच्या नळीला बारीक तोट्या असतात, त्यांतून थेंब थेंब पाणी वेलीच्या मुळाशी पडतं. बोअरचं पाणी जड असलं की तोट्यांत पांढरा क्षार बसतो आणि एकेक वेल तहानलेला राहतो. मग नानांना बोलावणं. नाना पाणी जिभेवर घेऊन क्षार किती ते सांगायचे, लाइनीत ॲसिड सोडायचे, चोवीस तास सगळं बंद ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी नळ्यांच्या शेवटची टोपणं काढून घाण भडाभडा बाहेर सोडायचे. त्याला फ्लश म्हणतात. फ्लश झाल्यावर नाना असे उभे राहायचे, जशी गंगा त्यांनीच आणली.

इथवर ठीक होतं. पोटापाण्याचा धंदा होता. पण संतोष दहावीला गणितात आपटला, तेव्हा नाना म्हणाले, "त्याला मागून दाब कमी पडू राह्यला." कुसाबाईची आई गेली, तेव्हा दारात जमलेल्या माणसांत बसून म्हणाले, "टोकाला पाणी पोचायचं बंद झालं का वेल आसाच जातो, भो." माणसांनी माना हलवल्या. कुसाबाईला त्या दिवशी आईसाठी रडायचं होतं, पण अर्धं रडू रागातच गेलं.

त्यातून त्यांचा एक नियम होता. तो ते जिवावर बेतल्यावर शिकले होते, म्हणून त्यावर कुणी काही बोलायची सोय नव्हती. फार वर्षांपूर्वी देवळ्याकडच्या एका मळ्यात टाकीत ब्लीचिंग पावडर कालवलेली होती. ते न विचारता नानांनी वरून ॲसिड ओतलं. हिरवट पिवळा धूर उठला. नाना चार दिवस खोकत, डोळे चोळत पडून होते. उठले ते नियम घेऊनच उठले. "एका लाइनीत दोन औषधं नाय. पहिलं निघू द्या, मंग दुसरं सोडा." तेव्हापासून घरात हा नियम सगळ्याला लागू. डोकं दुखताना बाम लावला असेल तर वरून चहा नाही. खोकल्याचं औषध घेतलं तर त्या दिवशी हळदीचं दूध नाही. कुसाबाईनं एकदा चिडून विचारलं होतं, "मंग भाकरीबरोबर भाजी तरी खाऊ का नको?"

मागच्या ऑक्टोबरात, छाटणीच्या ऐन धामधुमीत, नानांच्या छातीत कळ आली. संतोष नाशकात कंपनीत नोकरीला, त्याची बायको तेजस्विनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये. दोघांनी धावपळ करून नाशकातल्या दवाखान्यात नेलं. एक नळी नव्वद टक्के बंद निघाली. स्प्रिंग बसवली. सगळं सुरळीत झालं, आणि मग डॉक्टरांनी एक घोडचूक केली.

डॉक्टर तरुण होता, बोलका होता. घरी सोडायच्या दिवशी त्यानं नानांचा धंदा विचारला, कॉम्प्युटरवर त्यांच्याच काळजाची फिल्म लावली आणि म्हणाला, "नाना, तुमच्या भाषेत सांगतो. हृदयाला तीन मेन लाइन असतात. तुमची ही एक लाइन चोक झाली होती."

कुसाबाई शेजारी उभी होती. नानांचे डोळे चमकलेले तिनं पाहिले. ह्या माणसापुढे नळीचं नाव काढायचं नसतं, हे डॉक्टरला कोण सांगणार? गोळ्या कशाच्या, किती दिवस, हे डॉक्टर पुढं बराच वेळ सांगत होता. रक्त पातळ ठेवायच्या दोन, चरबीची एक, एकही दिवस चुकवायची नाही. नाना फिल्मकडेच बघत होते.

जानेवारीत तेजस्विनी दोन दिवस राहायला आली, ती ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊनच. काळपट हिरव्या काचेची, उंच.

"आई, फोडणीला नाही हां हे. कच्चंच वापरायचं. नानांच्या कोशिंबिरीवर, भाजीवर, वरणावर चमचाभर. आणि ह्याच्यामुळे आपलं नेहमीचं तेल तेवढं कमी करायचं, वरून जास्तीचं नाही."

"आसं काय हे त्याच्यात?"

"अँटीऑक्सिडंट असतात. रक्तातली चरबी असते ना, ती खराब झाली, म्हणजे समजा तिला गंज चढला, की नळीच्या भिंतीला चिकटते. हे तेल तो गंज चढू देत नाही. थोडी मदत होते हृदयाला."

कुसाबाईनं बोटावर घेऊन चाटलं. कडसर लागलं आणि घशाला झोंबलं. "खवट हे गं. दुकानदारानं फसावलं तुला."

"नाही आई, चांगल्या तेलाची तीच खूण आहे. ते जे घशाला लागतं ना, तोच त्यातला गुण."

पलीकडे बाजेवर पडलेले नाना ताडकन उठून बसले. त्यांनी वाटीत तेल घेतलं, पाण्यासारखं जिभेवर घोळवलं, गिळलं आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले.

"लागतंय!" ते आनंदानं म्हणाले. "कुसा, लागतंय बघ! औषधात दम हे."

तेजस्विनी हसली. बिचारीला वाटलं, सासऱ्यांना तेल आवडलं.

ती नाशकाला परतली आणि बाटली स्वैपाकघरातून नानांच्या ताब्यात गेली. दुसऱ्या दिवसापासून कुसाबाई बघतेय तर काय, सकाळी उठल्याबरोबर नाना अर्धा कप तेल उपाशीपोटी घशात ओततात, तोंड वेडंवाकडं करतात आणि जाऊन डाव्या कुशीवर पडून राहतात. पायाखाली दोन उशा.

"हे काय नवीन?"

"उतार नको का? उताराबिगर शेवटच्या तोटीला पोचतं का कव्हा?"

"तेजूनं चमच्यानं भाजीवर घ्यायला सांगितलं ना?"

"ती लॅबवाली हे, फिल्डवाली नाय."

निफाडची थंडी ज्यानं सोसली त्यालाच माहीत. त्या आठवड्यात सकाळी बागेत शेकोट्या पेटत होत्या. बाटलीतलं तेल गोठलं, पांढरे कण धरले. नानांनी बाटली हलवली, उजेडात धरली, "औषध खाली बसलंय" असा निकाल दिला आणि रोज सकाळी बाटली पत्र्यावर उन्हात नेऊन ठेवायचा नेम सुरू केला. बाटलीच्या अंगाला त्यांनी उभी चिकटपट्टी लावून पेनानं एकेक दिवसाच्या खुणा केल्या होत्या, टाकीवर करतात तशा. कुसाबाईचं त्या दिवसांत बागेत मणी विरळायचं काम चालू होतं. दिवसभर मान वर करून घडातले मणी कातरीनं काढायचे, संध्याकाळी मान खाली येत नाही. पत्र्यावर बाटली दिसली की ती मनातल्या मनात चार शब्द हासडायची आणि कामाला जायची. तेलच पितोय, दारू तर पीत नाही, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

नवव्या दिवशी ती चतुर्थी कधी आहे ते बघायला भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेली. नानांची सवय अशी, की ज्या मळ्यात ॲसिड सोडलं त्याची नोंद कॅलेंडरावर पेन्सिलीनं करायची. कुणाची लाइन कधी बंद, कधी फ्लश. कुसाबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं शेजारच्या हिरामणच्या मळ्याची नोंद वाचली, आणि मग त्याच्या आधीच्या सोमवारची: 'तेल चालू. गोळ्या बंद.' खाली छोट्या अक्षरात: 'डावी ७ दिवस, मधली ७, उजवी ७.' आणि एकविसाव्या दिवशी गोल करून: 'फ्लश.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग डबा काढला. गोळ्यांची पाकिटं होती तशी, वरचं रबरसुद्धा हललेलं नव्हतं.

नाना ओट्यावर दाढी करत होते.

"आवो, गोळ्या बंद म्हंजी?"

"वाचलं का?" नाना आरशातूनच म्हणाले. "बरं झालं. तुला सांगणारच व्हतो. एका लाइनीत दोन औषधं नाय चालत. आधी तेलाचा कोर्स हू दे. तीन लाइनी, एकवीस दिवस."

"नऊ दिवस झाले तुम्ही गोळी घेतली नाय?"

"घेतली आसती तर धूर निघाला आसता."

"आन् फ्लश कशाचा?"

"एरंडेल."

कुसाबाईनं डोक्याला हात लावला. हसावं का आरशावर दगड घालावा, तिला ठरवता येईना. मग तिला शनिवार आठवला. हिरामण सहज बोलून गेला होता, "काकू, नाना काल आमच्या बांधावर बसून दंड चोळीत व्हते, बरं हे ना?" नानांना विचारलं तर गॅस म्हणाले होते. तिला आता हसू येईना.

तिनं तेजस्विनीला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

"आई, किती दिवस म्हणालात?"

"नऊ."

"आई, ती स्प्रिंग बाहेरची वस्तू आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्या गोळ्या असतात. पहिलं वर्षभर तर एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. गुठळी धरली तर दवाखान्यात पोचायला वेळ मिळत नाही, आई. मी डॉक्टरांना विचारते, फोन ठेवू नका."

दोन मिनिटांत निरोप आला. गोळ्या आत्ताच्या आत्ता द्या आणि लगेच नाशकाला घेऊन या. संतोष गाडी घेऊन निघतोय.

कुसाबाई गोळ्या आणि पाणी घेऊन पुढ्यात उभी राहिली. नानांनी तोंड पुसलं आणि मान हलवली.

"आज नववा दिवस. मधली लाइन चालू हे. आता गोळी टाकली तर सगळं पाण्यात."

"डॉक्टरनं सांगितलंय!"

"डॉक्टरला ठिबक कुठं कळतंय? एवढंसं वय. तोच म्हणला ना लाइन चोक हे म्हणून? मंग चोक काढायचा का नाय?"

"आवो, मरसाल!"

"आन् दोन औषधं एकत्र झाल्यावर? देवळ्याला मेलोच व्हतो. तू व्हती का तिथं?"

नव्हती. पण त्यानंतरचे चार दिवस आणि पुढची सगळी वर्षं तीच तर होती. ह्या माणसाला रडून सांगा, ओरडून सांगा, पोराच्या शपथा घाला, काही शिरायचं नाही. ह्याच्या डोक्यात जायला एकच वाट, आणि तिला ती वाट पाठ होती, नको नको होईपर्यंत पाठ होती.

ती पडवीमागच्या शेडमध्ये गेली. नानांच्या डब्यात जुन्या, क्षारानं पांढऱ्या झालेल्या तोट्या पडलेल्या असायच्या. 'नमुना' म्हणून ते शेतकऱ्यांना दाखवायचे. तिनं दोन उचलल्या. प्लास्टिकच्या मगात पाणी घेतलं आणि ॲसिडचा कॅन उचलला.

"आगं काय करू राह्यली? कॅन ठेव खाली!" नाना मागून धावत आले. "आधी पाणी, मंग ॲसिड!"

"पाणीच घेतलंय आधी. चौतीस वर्षं तेच ऐकतेय." तिनं दूर धरून थोडं ॲसिड सोडलं, त्यात एक तोटी टाकली. क्षणात बुडबुडे उठले, फसफस झाली, पांढरा थर सुटायला लागला. मग तिनं पत्र्यावरची बाटली काढली, वाटीत ते महागाचं तेल ओतलं आणि दुसरी तोटी त्यात सोडली.

"तेल! आगं तेल!" नाना कळवळले.

दोघं वाटीकडे बघत उभे राहिले. तोटी तळाला जाऊन बसली. तेल तसंच पिवळं, तोटी तशीच पांढरी. एक बुडबुडा नाही.

"निघाला का क्षार?"

नाना उकिडवे बसले. चष्मा लावून वाटीत डोकावले. "हे थंड हे. शरीरात गरमी आसती."

"मंग गरम करू?"

"टाइम लागतो. एकवीस दिवस..."

कुसाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिकडे संतोषची गाडी रस्त्याला लागलेली, इकडे हा बाबा वाटीत बघत बसलाय. आणि त्या रागातच तिला हिरामण पुन्हा आठवला.

"हिरामणनं मागच्या उन्हाळ्यात फिल्टर काढून ठिवला व्हता," ती म्हणाली. "पाणी जोरात यावं म्हणून. तव्हा तुम्ही त्याला काय बोलले?"

"ते वेगळं."

"काय बोलले?"

नाना वाटीतली तोटी बोटानं फिरवायला लागले.

"मी सांगते. सगळ्या मळ्यासमोर त्याची आब्रू काढली तुम्ही. म्हणले, गाढवा, ॲसिड मार, फ्लश कर, काय नंगानाच घालायचा तो घाल, पण फिल्टरला हात लावायचा नाय. फिल्टर औषध नाय, फिल्टर म्हंजी पहारा. म्हणले का नाय?"

"म्हणलो."

"या गोळ्या काय हे मंग? काळजात नवा जोड टाकलाय. त्याच्यावर गाळ धरू नाय म्हणून गोळ्या. नऊ दिवस फिल्टर काढून लाइन चालवताय तुम्ही. हिरामणपरीस गाढव निघाले!"

हिरामणचं नाव वर्मी बसलं. नानांनी वाटीकडे पाहिलं, मगाकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीवर अगदी हळू हात ठेवला, आत खरंच काही चाललंय का ते ऐकत असल्यासारखा. तोंड उतरलं. एवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा असा घाबरलेला कुसाबाईनं पाहिला नव्हता. देवळ्याहून आले तेव्हासुद्धा नाही.

"फिल्टर काढला व्हता," ते पुटपुटले. "आण इकडं."

तिनं गोळ्या हातावर ठेवल्या. गिळल्या का नाही ते तोंड उघडायला लावून बघितलं.

नाशकात ईसीजी काढला, रक्त तपासलं, चार तास नुसतं झोपवून ठेवलं. नानांचं दैव बलवत्तर. नळी मोकळी होती, स्प्रिंग जागेवर होती. दंड दुखला तो नळ्यांची वेटोळी उचलून, असं डॉक्टरांना वाटलं. पण हे वाटणं पुढच्या वेळी असंच निघेल ह्या भरवशावर राहू नका, असं ते कडक आवाजात म्हणाले. मग तेलाचं विचारलं. तेजस्विनी म्हणाली, बाटली चांगली होती, पण नानांनी रोज उन्हात ठेवली.

"उन्हात?" डॉक्टर म्हणाले. "मग त्यातला निम्मा गुण तर उन्हानंच खाल्ला. हे तेल अंधारात ठेवायचं, नाना. ते जेवणातली चांगली सवय आहे. बसलेला चोक ते काढत नाही, आणि गोळीची जागा तर बिलकूल घेत नाही."

नानांनी समजूतदारपणे मान हलवली. कुसाबाईला ती मान बघूनच धास्ती वाटली, आणि खरंच. ती औषधं घेऊन परत येते तर नाना बाहेरच्या बाकावर एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याला सांगत होते, "गोळी म्हंजी फिल्टर, भो. आमच्या घरात बाईमाणसाला समजत नव्हतं, मी तोटी बुडवून दाखावली."

तिनं पिशवी बाकावर आपटली. म्हाताऱ्यानं दचकून पाहिलं. नाना थोडे सरकून बसले, तिच्यासाठी जागा करत.

आता नवी बाटली स्वैपाकघरात डाळीच्या डब्यांमागे अंधारात असते. नानांच्या ताटात चमचाभर तेल कुसाबाई स्वतः सोडते, ठेच्यावर; तेवढंच फोडणीतलं कमी करते. कॅलेंडरावरची पेन्सिल तिनं आपल्याकडे घेतली आहे. रोज सकाळी गोळी पोटात गेली की त्या तारखेवर एक काडी ओढते. आणि ती तेलातली तोटी, पांढरीची पांढरी, वाटीसकट गोळ्यांच्या डब्याशेजारी फळीवर ठेवलेली आहे. बोलायचं काम नाही. नानांनी तोंड उघडलं की ती नुसतं बोट दाखवते.

पण ह्या माणसाचं काय करावं! काल सकाळी बघते तर नाना वाटी उजेडाला घेऊन, चष्मा नाकावर सरकवून बारकाईनं बघत उभे.

"कुसा, इकडं ये. ह्या कोपऱ्याला थोडा क्षार सुटल्यावानी वाटतो."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"आ करा."

नानांनी आ केला. तिनं जीभ वर करायला लावून बघितलं, तारखेवर काडी ओढली आणि पेन्सिल परत पोलक्यात खोचली.

"आता काय बघायचं ते बघा," ती म्हणाली आणि कातरी घेऊन बागेत गेली.